कुणाच्यातला रे तू?

गेल्या आषाढात माझ्या बहिणीच्या गावात रेनकोट घातलेला एक पोरगा मोटरसायकलवरून आला. बेळगावहून मच्छे सोडून खानापूरच्या दिशेनं निघालं की आत वळणारा एक रस्ता लागतो, त्या रस्त्याच्या शेवटाला तिचं गाव. रोपलावणीचे दिवस, सगळं गाव चिखलात. बहिणीच्या दाराला बाहेरून कडी. पोरानं थोडी वाट बघितली आणि पानपट्टीकडं मोर्चा वळवला.

"पाटलांचा मुलगा, इंजिनियर झालेला, कसा आहे?"

पानपट्टीवाल्याला वाटलं, स्थळ बघायला आलेत. आमच्याकडं अनोळखी माणूस येऊन एखाद्या पोराची चौकशी करतो ती त्याच कामासाठी. मग त्यानं हात आखडता घेतला नाही. पोरगं निर्व्यसनी, बापाचं दीड एकर भात, दोन म्हशी, घर स्लॅबचं, आई तोंडानं जरा फटकळ पण मनात काही नाही, असं सगळं सांगून वर चहा पाजला. संध्याकाळी बहीण शेतातनं परत येताना तिघीजणींनी तिला वाटेत अडवलं, "कुठली गं पोरगी? आम्हाला सांगितलं पण नाहीस!"

तो पोरगा एका चौकशी कंपनीचा होता. माझ्या भाच्याला बेंगळुरूच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, आणि ऑफर लेटरच्या तळाला एक ओळ होती की बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन नीट झालं तरच ही ऑफर खरी. हे काम कंपनी स्वतः करत नाही, ते दुसऱ्या एजन्सीला दिलेलं असतं. एजन्सी पुढं तालुक्या-तालुक्यात मोटरसायकलवाली पोरं धरते. एका घराचे त्यांना ठरलेले पैसे. घराचा फोटो, फोटोवर जागेचे आकडे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणाचा तरी एक शब्द. आमच्या पोराचा शब्द पानपट्टीवर मिळाला हे नशीब. त्याच रस्त्यावर वीस पावलं पुढं गेला असता तर बांधावरून बारा वर्षं आमच्याशी न बोलणारं घर होतं.

पत्त्याचा शेरा हिरवा आला. या अहवालात रंग असतात. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे नापास आणि मधला अंबर म्हणजे खुलासा करा. बाकी दोन गोष्टींत पोराला अंबर मिळाला. कंपनीच्या एचआरकडून दोन ओळींची मेल आली, दोन तपासण्यांत तफावत आहे, स्पष्टीकरण द्या. कसली तफावत, ते लिहिलेलं नव्हतं. तीन मेल आणि अकरा दिवस गेल्यावर ते कळलं.

पहिली तफावत नावाची. एसएसएलसीच्या, म्हणजे आमच्याकडच्या दहावीच्या, मार्ककार्डावर शाळेनं आडनाव आधी लावलंय आणि बापाचं नाव गाळलंय. पॅनवर पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं तिन्ही. आधारवर कन्नडमधून इंग्रजीत येताना एक अक्षर वाढलंय. जन्मदाखल्यावर जन्मगाव 'बेलगाम', डिग्रीवर 'बेळगावी'. २०१४ च्या एक नोव्हेंबरला सरकारनं बारा शहरांची नावं बदलली त्यात आमचंही बदललं. पोरगा २००२ चा. बेंगळुरूत बसलेल्या कुणाला तरी हे एकच गाव आहे हे समजावून सांगायची पाळी या पोरावर आली. आणि डिग्री कुणाची? व्हीटीयूची, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्र विद्यापीठाची. त्या विद्यापीठाचं मुख्यालय मच्छेला. म्हणजे कागद बेंगळुरूहून निघून, एजन्सीच्या हातून, बहिणीच्या घरापासून दहा मिनिटांवर येऊन परत गेला.

दुसरी तफावत कोर्टाची. एजन्सीवाले ई-कोर्टच्या साइटवर नाव घालून शोधतात. आमच्या भागात दर गावात पाटील आणि दर गल्लीत एक परशराम, एक कल्लाप्पा, एक यल्लाप्पा. त्यात भाच्याचं नाव तर असं की शाळेत त्याच्याच वर्गात त्या नावाचे तिघे होते. क्षेत्रफळानं कर्नाटकातला सगळ्यात मोठा हा जिल्हा, २०११ च्या जनगणनेत सत्तेचाळीस लाखांच्या वर माणसं. त्यात हुक्केरीकडच्या कुठल्या तरी मारामारीच्या केसमध्ये हेच नाव, हाच बाप, हेच आडनाव निघालं. तो वेगळा आणि हा वेगळा, हे याचं यानंच सिद्ध करायचं. नोटरी, ॲफिडेव्हिट, सेवासिंधू या कर्नाटक सरकारच्या साइटवरून पोलिसांचा दाखला. ठाण्यातनं आलेल्या हवालदारानं त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि पहिला प्रश्न केला, "यार मगा नी?"

कुणाचा मुलगा तू. आमच्या मराठीत हाच प्रश्न थोडा वेगळा येतो: कुणाच्यातला रे तू?

मी एकतीस वर्षं उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात काढली. हजेरी, मस्टर, ओटीचा हिशेब, गेटपास, रजेचे अर्ज. मी लागले तेव्हा भरती गेटवरच व्हायची. सकाळी सातच्या शिफ्टला पोरं गेटबाहेर उभी राहायची, फोरमन बाहेर यायचा आणि एकेकाकडं बोट करून विचारायचा, कुणाच्यातला रे तू? पोरगं सांगायचं, मी अमक्यांच्यातला, तमक्या गल्लीतला. बस्. तेवढ्यावर आत नाहीतर बाहेर. फोरमनला कागद लागत नव्हता, कारण अमक्यांच्यातला म्हटल्यावर त्याला त्या घरातला मामा, चुलता, त्यांचं कर्ज, त्यांची दारू, सगळं ठाऊक असायचं.

हे सांगताना मला जुन्या काळाचा उमाळा आलेला नाही. त्या प्रश्नाच्या पोटात जात असायची. गल्लीचं नाव सांगितलं की पुढचं विचारावं लागत नसे. काही पोरं उत्तर द्यायच्या आधी एक क्षण थांबायची, तो थांबलेला क्षण मी मस्टरवरून मान वर करून कित्येकदा बघितलाय. फोरमन मग "जागा भरल्या" म्हणायचा. कागदावर काहीच उमटायचं नाही. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन हा शब्द नवा आहे, काम आपल्याकडं पिढीजात आहे.

तरी एक फरक मला दिसतो आणि तो मी दोन्ही बाजूंनी बघितलाय. गावातल्या चौकशीला तोंड असायचं. लग्नात कुणी मोडता घातला हे आठ दिवसांत कळायचंच. मग मुलाची आई त्या घरापुढं उभी राहून चार शब्द सुनवायची, दोन वर्षं बोलणं बंद व्हायचं आणि पुढं कुणाच्या तरी बाराव्याला परत सुरू व्हायचं. तुमच्याबद्दल काय बोललं गेलं, कुणी बोललं, हे तुम्हाला ठाऊक असायचं. त्याला उत्तर देता यायचं, निदान शिवी तरी देता यायची.

आता मी जे सांगणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२००९ साल. आमच्याकडं एक मोल्डर होता, हाताला इतका स्वच्छ की त्याच्या साच्यातला माल फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करायला, गेला तर तिथली पोरं निवांत बसायची. शिफ्ट संपली तरी भट्टीकडं एक नजर टाकून मगच जायचा. त्याला पुण्याकडच्या एका कारखान्यात जागा मिळत होती, पगार जवळजवळ दुप्पट. आदल्या वर्षीच्या एक नोव्हेंबरला तो काळ्या दिनाच्या फेरीत होता. बेळगावबाहेरच्यांसाठी सांगते: १९५६ च्या एक नोव्हेंबरला राज्यं नव्यानं झाली आणि हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून त्या तारखेला सरकारी राज्योत्सव असतो आणि मराठी माणसं काळ्या फिती लावून फेरी काढतात. संभाजी उद्यानापाशी सायकली जमतात. बऱ्याच वर्षी पुढं गुन्हेही दाखल होतात. बेकायदा जमाव, तेव्हाचं कलम १४३. त्या यादीत चाळीसेक नावं होती आणि त्यात याचं होतं. समन्सची तारीख पडली की तो माझ्याकडंच अर्ध्या दिवसाची रजा मागायला यायचा, म्हणून मला माहीत.

एका दुपारी पुण्याहून फोन आला. बाई फार गोड बोलत होती. माणूस कसा, वेळेवर येतो का, व्यसन, भांडण. मी सगळं चांगलंच सांगितलं, आणि ते खरंच होतं. मग ती म्हणाली, "पोलीस केस वगैरे काही नाही ना?"

मी सांगितलं. त्याच्यावर माझा राग नव्हता, कुणाचा दबाव नव्हता. आजही मला नक्की सांगता येत नाही, पण मला वाटतं मला माहीत होतं, एवढंच कारण होतं. पुण्याची मोठी कंपनी आपल्याला विचारते आणि आपल्याकडं उत्तर आहे, याचं एक अप्रूप असतं. मी तिला समजावूनही सांगितलं की केस किरकोळ आहे, सीमाप्रश्नाची आहे, आमच्याकडं निम्म्या गावावर असते. ती "ओके, ओके" म्हणाली. समजावलेलं तिनं लिहून घेतलं नसणार. फॉर्मवर 'आहे' किंवा 'नाही' एवढीच जागा असते, हे मला पुढं स्वतः तसे फॉर्म भरायला लागल्यावर कळलं.

त्याला तिथनं काहीच कळवलं नाही. महिनाभर तो रोज विचारायचा, "आक्का, माझ्या नावानं काय फोन आलता काय?" आणि मी म्हणायचे, नाही बाबा. ही दुसरी चूक. पहिलीपेक्षा मला हीच जास्त टोचते.

पुढं चार वर्षांनी कोर्टानं त्या सगळ्यांना सोडून दिलं. आमच्या टाइम ऑफिसात पेढे वाटले त्यानं. मी खाल्ला.

भाच्याच्या भानगडीत मी कायद्याची थोडी उस्तवार केली, कारण आता रिकामी आहे आणि चष्माही नवा आहे. तेव्हा मला २०१६ चा एक निकाल सापडला. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, २१ जुलै. नोकरीच्या साक्षांकन फॉर्मात पोलीस केस लपवली तर काय करायचं, यावर आधी वेगवेगळी खंडपीठं वेगवेगळं बोलली होती, ते या निकालानं एका जागी आणलं. त्यात म्हटलंय की माहिती खरी द्यायला हवी. पण प्रकरण क्षुल्लक असेल, तर मालकानं ते सोडून द्यायला हरकत नाही. आणि क्षुल्लक म्हणजे काय, याचं उदाहरण देताना न्यायमूर्तींनी कुठलं दिलं असेल? तरुण वयात दिलेल्या घोषणा.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. दिल्लीत बसलेल्या माणसांना संभाजी उद्यानाची फेरी ठाऊक असायचं कारण नाही, पण वाक्य आमच्याच गल्लीतलं वाटलं. अर्थात ते २०१६ चं, सरकारी नोकरीच्या संदर्भातलं, आणि माझा फोन २००९ चा, खाजगी कारखान्याचा. खाजगी कंपनीला नाकारायचं तर कारणसुद्धा द्यावं लागत नाही.

तोच कायदा शोधताना दुसरं एक नाव भेटलं. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयातनं निवृत्त झालेले. ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ मध्ये, ते आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातनंच २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निकाल आला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ऐंशीच्या पुढं माणसं काशीला जातात, हे कोर्टात गेले. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. पण मूलभूत हक्क सांगायचा तो मुख्यतः सरकारला, पानपट्टीवर आलेल्या मोटरसायकलवाल्याला नव्हे.

त्याच्यासाठी २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बहुतेक कलमं अमलात यायला तिथनं पुढं दीड वर्षाची मुदत. भाच्यानं मला विचारलं, "मावशी, तो रिपोर्ट मला मागता येतो काय गं?" मी कलमं लावून बघितली. कलम ११ म्हणतं की आपली कुठली माहिती घेतली, तिचं काय केलं, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. पण हा हक्क, ज्याला आपण संमती दिली त्याच्यापुरता. आणि कलम ७ म्हणतं की नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवायही माहिती वापरता येते. आता अजून नोकरीला न लागलेला उमेदवार त्या कलमात बसतो की नाही, यावर वकील लोक भांडतील तेव्हा भांडतील. पण मालक त्या कलमाच्या आडोशाला उभा राहिला, तर अहवाल दाखवा म्हणायची माझ्या भाच्याची सोय गेली. मी त्याला एवढंच म्हटलं, मेल करून माग, देतील तर देतील. दिलं नाही. 'कॉन्फिडेन्शियल' म्हणून उत्तर आलं. त्याचंच नाव, त्याचाच बाप, त्याचंच घर, आणि गोपनीय कुणापासून? त्याच्यापासून.

अमेरिकेत फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट म्हणून कायदा आहे. तिथं बाहेरच्या एजन्सीच्या अहवालावरून उमेदवाराला नाकारायचं असेल, तर आधी त्या अहवालाची प्रत त्याच्या हातात द्यावी लागते. एवढं लांब कशाला, आपल्याकडं सिबिलचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट बघता येतो, रिझर्व्ह बँकेनंच तशी सोय लावलीय. मी माझा बघितला. एक जुनं फ्रिजचं कर्ज फिटलेलं असून उभं दिसत होतं, तक्रार केली, निघालं. बघता आलं म्हणून निघालं.

भाच्यानं जे सही करून दिलं होतं ते संमतीपत्रही मी वाचायला घेतलं. त्यानं वाचलं नव्हतं, कोण वाचतं? त्यात होतं की कुठल्याही व्यक्तीकडून, संस्थेकडून, माझ्याविषयी कुठलीही माहिती आत्ता आणि नोकरीत असेपर्यंत कधीही घ्यायला माझी परवानगी आहे, आणि जो माहिती देईल त्याला मी जबाबदार धरणार नाही. म्हणजे २००९ ची मी त्यात आधीच माफ होऊन बसलेली.

कागद गोळा करतानाची एक गंमत. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं गेलो तर तो म्हणाला, व्हॉट्सॲपवर टाका. टाकलं. त्यानं कॉम्प्युटरवर डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं आणि माझ्यासमोर अख्खा तालुका पसरला. आधार, पॅन, पासबुकं, कुणाच्या सासऱ्याचा मृत्यूचा दाखला, एका मुलीचे पासपोर्ट साइझ फोटो आठ. मी विचारलं, हे पुसत नाहीस होय? "टाइम कुठाय आक्का?" भाच्याला म्हटलं, आधारचं ते शेवटचे चारच आकडे दिसणारं काढता येतं, ते देत जा. तो म्हणाला एजन्सी ते घेत नाही, त्यांना पूर्णच लागतं. खरं असेल, नसेलही. भांडायला वेळ नव्हता, पोराला सोमवारी रुजू व्हायचं होतं.

आणि पीएफचं सांगायचं राहिलं. आमच्या वेळी होनग्याच्या एखाद्या कारखान्यात दोन महिने काम केलं, सुपरवायझरशी पटलं नाही, सोडलं, तर ते दोन महिने माणूस सरळ विसरून जायचा. दुसरीकडं विचारलं तर सांगायचा, गावी होतो. २०१४ मध्ये यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, आला आणि ते विसरणं संपलं. पासबुकात दर मालकाची ओळ. एजन्सीवाले ती ओळ बघतात आणि विचारतात, हे दोन महिने रिझ्युमेत का नाहीत? मला त्यात मालकाची बाजू कळते. खोटी अनुभवपत्रं घेऊन आलेली पोरं मी बघितलीत, छपाई इतकी हुबेहूब की आमचा शिक्का आमच्यापेक्षा चांगला. फसवणारे असतात, तपासायला हवं. माझं भांडण तपासण्याशी नाही.

एक गोष्ट मात्र भाच्यानं मला न सांगता केली. त्याच्या मित्रानं त्याला सांगितलं की कंपन्या इन्स्टाग्रामही बघतात. म्हणून त्यानं कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या एक नोव्हेंबरचे फोटो काढून टाकले. काळा शर्ट, सायकल, मागं दोस्त. त्याच्यावर केस नव्हती, त्या वर्षी कुणी त्याचं नावही लिहून घेतलं नव्हतं. तरी काढले. मला ते बहिणीकडनं कळलं. मी विचारलं, का रे? म्हणाला, "कशाला उगंच, मावशी." एकोणीस वर्षांचा असताना तो त्या फेरीत ओरडून आवाज बसवून आला होता, दोन दिवस हळदीचं दूध पीत होता. त्याच फोटोला आता त्यानं 'उगंच' म्हटलं.

आणि गंमत बघा, याच पोराकडं अजून एक फाइल आहे. महाराष्ट्र सरकारनं दावा सांगितलेली ८६५ गावं, त्यात बहिणीचं गाव येतं. तिकडच्या सरकारी भरतीत या गावांतल्या मराठी उमेदवारांना अर्ज करता येतो, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जोडून. दोन वर्षांपूर्वी त्यानं तो काढून ठेवलाय. त्या फाइलीत त्याला सांगायचं असतं की मी सीमाभागातला, हे बघा कागद. या फाइलीत त्याला दाखवायचं असतं की माझा कशाशी काही संबंध नाही. दोन्ही फायली एकाच ट्रंकेत, त्याच्या आजीच्या लुगड्यांखाली.

नोकरी लागली. अंबरचा हिरवा झाला. तो आता व्हाइटफिल्डला चौघांत एक खोली घेऊन राहतो आणि दर रविवारी बहिणीला फोन करून भात कुठवर आलं विचारतो.

परवा, म्हणजे दिवाळी होऊन आठेक दिवस झाले असतील, मी वडगावात दळण घेऊन गेले होते. त्या मोल्डरची आता तिथं पिठाची गिरणी आहे. फाउंड्री सुटल्यावर काही वर्षं तो शिरोलीला होता, मग गुडघे गेले आणि परत आला. मला बघून स्टूल पुसून दिलं.

"आक्का, बरं झालं आलासा. पोराचं कंपनीत ठरलंय, हैदराबादला. दोन माणसांचं नाव द्या म्हणाले, नात्यातलं नको म्हणाले. तुमचं दिलंय बघा. चालतंय न्हवं?"

पिठाच्या धुरळ्यात मी मान हलवली. त्याचा पोरगा मला लहानपणापासून माहीत आहे. हुशार, हाताला बापासारखाच. दर एक नोव्हेंबरला जातो तेही माहीत आहे, कारण बाप अभिमानानं सांगतो. यंदाच्या फेरीनंतर गुन्हे दाखल झाल्याचं पेपरात होतं. कलमाचा आकडा बदललाय, आता न्याय संहितेचं १८९. नावं छापली नव्हती.

फोन गुरुवारी आला. मुलगी हिंदीत बोलत होती, मागं आणखी दहा-बारा जणींचे तसेच आवाज. किती वर्षांपासून ओळखता, स्वभाव कसा, विश्वासू आहे का. मी सांगत गेले. ती टाइप करत होती, कीबोर्ड वाजलेला ऐकू येत होता.

"मॅम, एनी पोलीस केस, टू युअर नॉलेज?"

मी म्हटलं, हे त्यालाच विचारा.

"उनसे पूछा है मॅम. ये रेफरन्स का कॉलम है."

मी विचारलं, मी जे सांगेन ते त्याला दाखवणार का? ती थांबली. तिला बहुतेक हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. मग म्हणाली, "नो मॅम, कॉन्फिडेन्शियल रहेगा. आप फ्री होके बोलिए."

मी गप्प राहिले. पलीकडं कीबोर्ड वाजायचा थांबला.

"तो मॅम, मैं 'नॉट अवेअर' डाल दूँ?"

"डालो," मी म्हटलं.